निळ्या फिल्मवरचं तळं

आण्णा, त्या गठ्ठ्याला लाल दोरा तुम्ही बांधलात. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि हे वाक्य मी अजून कुणासमोर मोठ्यानं म्हटलेलं नाही. आईसमोरही नाही. मी तुमच्याशी बोलायचं टाकलं ते लग्नाच्या बोलण्यांवरून, असं ती शेवटपर्यंत समजत होती. मी तसं समजू दिलं.

स्टुडिओतलं पडदे रंगवायचं काम तेव्हा संपत आलं होतं. चित्रपट कमी झाले होते. मुंबईच्या एका निर्मात्यानं तुम्हाला टीव्हीसाठी कार्टूनचा एक भाग करायला दिला. उडणारा, डोंगर उचलणारा वीर. दर रविवारी एक संकट. आपल्या भागात वीर शंभर वर्षं पुढच्या काळात जातो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. तिथं त्याला काय दिसतं ते आपण ठरवायचं. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते आणि घरी बसले होते. तुम्ही म्हणालात, "तू लिही की. एवढी पुस्तकं वाचलीस ती कशाला?" हे तुम्ही म्हणाला होता. मी मागायला आले नव्हते.

मी लिहिलेल्या शहरात रंकाळ्याएवढं एक तळं असतं आणि त्यावर पत्र्याचं झाकण. झाकणाला कुलूप, कुलपाशी पहारेकरी, काठानं रांग. माणसं रांगेतच म्हातारी होतात. वीर येतो, पहारेकऱ्यांना बाजूला सारतो, झाकण उचलतो. आत पाणी नसतं. कित्येक वर्षांपासून नसतं. रांगेतली माणसं वीरावरच चिडतात; झाकण होतं तोवर त्यांच्यासाठी पाणी होतं. तो झाकण परत ठेवतो. आईनं भाकरी थापता थापता हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "बरोबर हाय की." तुम्ही काही बोलला नाहीत. मी त्याला होकार समजले.

चित्रं काढायला प्लास्टिकचे पारदर्शक कागद लागत आणि ते मिळत नसत. तुम्ही दवाखान्यातून एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणल्या. मागच्या दारी बंबातलं कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून मी त्या घासायची. कुणाच्या बरगड्या, कुणाचा मोडलेला हात, सगळं मोरीतून वाहून जायचं. फिल्म स्वच्छ झाली तरी निळसर राहायची. तुम्ही ती उजेडाकडे धरलीत. "आजारी दिसतंय गं." मी म्हटलं, "मग भविष्य याच्यावर काढू." तुम्ही हसलात. "डोस्कं चालतंय तुझं." अजूनही या शब्दांचा मला आनंद होतो, आणि तो होतो याचा संताप येतो.

निर्माते एकदा बघायला आले. आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पांढरा रस्सा प्याले आणि निळ्या फिल्मा एकेक करून पाहिल्या. "हे कुणी लिहिलं?" तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. ते म्हणाले, "हे पडद्यावर असंच उतरलं तर पुढचे भाग तुम्हीच लिहा. मुंबईला यावं लागेल मात्र." तुम्ही त्यांना आणखी रस्सा वाढायला सांगितलात. मी वाढला. मला जायचं होतं. बाकी काही नको होतं.

आपला नियम साधा होता. रंगवलेला गठ्ठा तुम्ही सायकलवरून स्टुडिओत न्यायचा, कॅमेऱ्याखाली एकेक चित्र शूट करायचं. शूट झालेल्या गठ्ठ्याला लाल दोरा, बाकीच्याला पांढरा. लाल दोऱ्याचा गठ्ठा मी धुवायचा, म्हणजे त्याच फिल्मा पुन्हा वापरता येत. चार महिन्यांत कधी चूक झाली नाही. त्या संध्याकाळी तळ्याचा गठ्ठा लाल दोऱ्यात आला. तुम्ही तो मोरीपाशी ठेवलात. "झालं सगळं. धुऊन टाक." पोस्टर कलर पाण्यात लगेच सुटतो. पहारेकरी गेले, रांग गेली, झाकण गेलं. मी माझ्या हातांनी घासलं. तुम्ही दारात उभे राहून चहा पीत होता.

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर सगळी गल्ली जमली होती. वीर भविष्यात जातो. शहर स्वच्छ, पांढरं. तो झाकण उचलतो आणि खालून पाणी उसळतं. माणसं नाचतात, हार घालतात. एवढ्यात तो परतसुद्धा आला. कुणी तरी म्हणालं, "शंभर वर्षं पुढं जाऊन लगीच माघारी? आमची चंदगडची एस.टी. बी एवढी येळेत येत न्हाय." सगळे हसले. काकू म्हणाल्या, "आण्णा, पाणी लई झ्याक काढलंय बघा." झ्याकच होतं. वीस वर्षं तुम्ही पडद्यांवर धबधबे रंगवले होते. ते पाणी वाईट असतं तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं.

घरी आल्यावर मी विचारलं. तुम्ही सदऱ्याची बटणं काढत होता.

"हिरो हरतोय त्यात. लोकं पोरं मांडीवर घिऊन बसत्यात. त्यास्नी रिकामं तळं दावू?"

"मला सांगायचं."

"सांगून तू ऐकणार हुतीस व्हय?"

"मग मला धुवायला का लावलंत?"

"रोज तूच धुतीस की."

असं म्हणून तुम्ही सदरा खुंटीला लावलात आणि जेवायला काय आहे ते विचारलंत. पंधरा दिवसांनी निर्मात्यांचं पत्र आलं. भाग लोकांना आवडला; त्यातलं भविष्य मात्र नेहमीसारखंच झालं, तेव्हा लिहिण्याचं इथंच कुणाला तरी देतो. तुम्ही ते मला वाचायला दिलंत. तुमच्या तोंडावर सुटल्यासारखं काही तरी होतं. त्या वेळी मला कळलं की तुम्हाला तळ्याचं काहीच पडलेलं नव्हतं. मुलगी मुंबईला जात नाही, एवढंच तुम्हाला हवं होतं, आणि ते माझ्याच हातून करून घेण्याइतके तुम्ही हुशार होता. मी इथंच कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलं. दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली. तुम्ही वर्गाबाहेर एकदा माझा डबा घेऊन आला होता. मी शिपायाला पाठवून तो घेतला.

आता उरलेलं लिहिते. त्या दिवशी सकाळपासून गावात लाईट नव्हती. गिरणी बंद होती म्हणून मी दळण तसंच परत आणलं होतं. संध्याकाळी तुम्ही लाल दोऱ्याचा गठ्ठा ठेवलात तेव्हाही चिमणीच लावलेली होती. स्टुडिओतले दिवे लागल्याशिवाय कॅमेऱ्याखाली एक चित्रसुद्धा शूट होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी गठ्ठा हातात घेऊन थोडा वेळ थांबले. मुंबईत कुणाकडे उतरणार, काय करणार, हे गेले आठ दिवस मला झोपू देत नव्हतं. मग मी दोरा सोडला. तुम्ही लबाडी केलीत, ती तुमचीच. पण मला ती दोरा सोडायच्या आधीच कळली होती, आणि मी विचारलं नाही.

हे तुम्ही वाचणार असता तर इथवर लिहिलं नसतं.