सातवी ‘ब’चं बोधचिन्ह

४ फेब्रुवारी
शाळेचं नवं बोधचिन्ह मुलांनीच करायचं! मोठ्या बाईंचीच — मुख्याध्यापिकांचीच — कल्पना. “चित्रकला तुमच्याकडे, म्हणजे हेही तुमच्याकडेच.” सातवी ‘ब’ला सांगितलं, शाळा म्हटलं की डोळ्यांपुढे पहिलं काय येतं, ते काढा.

६ फेब्रुवारी
चौतीस कागद. एकविसांवर एकच वाकडी काळी रेघ. वाटलं, एकमेकांचं बघून काढलंय. चिमणीला विचारलं — वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून चिमणी. तिनं मागच्या भिंतीवरचा नकाशा उचलून धरला. “ही, बाई.”

भेग. खिडकीपासून निघून पार वर गेलेली. कडेला पेन्सिलीच्या खुणा, प्रत्येकीपुढे तारीख. “आम्ही तिची उंची मोजतो. सुट्टीनंतर वीतभर वाढली!” हसत सांगत होती.

७ फेब्रुवारी
मोठ्या बाईंनी कागद चाळले. “हे काय बोधचिन्ह झालं? मला छापायला द्यायचंय. पुस्तक, सूर्य, असं काहीतरी काढून घ्या.” भेगेचं सांगितलं. “जुनी इमारत, गिलावा तडकतोच. कळवते संस्थेला.” दोन जिने चढून बघायला मात्र आल्या नाहीत.

घरी ह्यांनीही उडवून लावलं — “तू इंजिनिअर कधीपासून झालीस?”

१० फेब्रुवारी
वर्गाची खिडकी लागेना. शिपाईमामांनी खांदा लावून पाहिला. “चौकट वाकलीय, बाई.”

११ फेब्रुवारी
आजची खूण कालच्यापेक्षा चार बोटं वर. संस्थेकडून उत्तर नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, “मुलांना उगाच घाबरवू नका.” बरं. नाही घाबरवत. उद्या सगळ्यांना मैदानात नेते — इमारत बाहेरून नीट बघितल्याशिवाय चिन्ह जमणार कसं? बोलणी खाईन.

१२ फेब्रुवारी
मैदानातच बसून लिहितेय. सकाळीच वर्ग खाली आणला. मुलं खूश! मोठ्या बाई तणतणत आल्या — “कोणाला विचारून?” मी तोंड उघडायच्या आत चिमणीनं वही पुढे केली. भेगेच्या सगळ्या तारखा, सगळी मापं. बाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग वही तिच्या हातात देऊन इमारतीकडे निघून गेल्या. आता माझी नोकरी जाते की काय!

१३ फेब्रुवारी
काल पावणेबाराला मागची भिंत वर्गात कोसळली. मुलं तीनदा मोजली — चौतीस. मोठ्या बाई आत होत्या. भेग बघायला एकट्याच वर गेल्या होत्या.