पणजोबांच्या हातातलं चाक

निरगुडसर,
११ ऑगस्ट २०२५

चि. गोकुळ यास मंगलताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे. गाय व्यायली, कालवड झाली. तुम्ही तिघंही ठीक असाल. फोन केला की तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतोस, म्हणून कागद घेतला. कागदाला मीटिंग सांगता येत नाही. मागे देवांचं काहीतरी अर्धवट बोलला होतास, त्याकडे नंतर येते. आधी या नव्या टाकाचं बोलते.

राखीपौर्णिमेला तू आला नाहीस, तुझा संपत ड्रायव्हर आला. पुडकं ठेवून चहासुद्धा न घेता गेला. उघडलं तर चांदीचा नवा टाक आणि त्यावर म्हणे आपले जानकूपणजोबा. डोक्यावर बिल्ल्याची टोपी, अंगात बटणांचा कोट, हातात जहाज वळवायचं चाक. अरे, हे कोण? देव्हाऱ्यात पूर्वज बसवायचे की गॅदरिंगमधला कप्तान?

पणजोबा आगवाले होते. मुंबईहून बाणकोटच्या खाडीत जाणाऱ्या आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायचे. अण्णांनी आपल्याला हे जेवताना किती वेळा सांगितलं, तुझं लक्ष ताटातल्या शेंगोळ्यांकडे. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद, मग पणजोबा नाणेघाट चढून पेरणीला घरी. एका वर्षी आलेच नाहीत. बोटीवरच तापानं गेले, ओतूरच्या एका सोबत्यानं निरोप आणला. अग्नी द्यायला काही हाती आलं नाही, म्हणून बयाबाईपणजीनं तांब्याचा टाक घडवून घेतला. उघडाबंब माणूस, हातात फावडं, शेजारी मोठं चाक.

त्या चाकावरून भावकीत काय कमी डोकेफोड झाली? कुशाबाकाका तर अजून ठासून सांगतात, "गाड्याचं चाक हाये ते. आपला आजा शर्यतीच्या घाटात बैलगाडा पळवायचा, लई नाव व्हतं त्याचं." खरं काय ते तूच शोधून काढलंस, ते श्रेय मी नाकारत नाही. तूच मोबाईलवर जुन्या आगबोटीचा फोटो पाठवलास. दोन्ही बाजूंना पाणी कापणारी ही एवढाली चाकं. उथळ खाडीत, नदीत अशाच बोटी चालायच्या, असंही तूच लिहिलंस. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. पणजीनं त्या सोबत्याला विचारविचारून चाक कोरून घेतलं असणार, या विचारानं मला रडू आलं.

आणि एवढं कळल्यावर तू काय केलंस, तर तेच चाक उचलून स्टेअरिंग म्हणून त्यांच्या हातात दिलंस. का, तर तुझ्या लेकीला, समृद्धीला, बघायला पाहुणे येतात, देव्हारा बघतात, त्यांना कोळसेवाला कसा सांगायचा, हेच ना? अरे, त्या कोळशावर इथली विहीर खणली गेली. तिचं पाणी पिऊन तू इंजिनिअर झालास.

जुना टाक तू उजळून आणतो म्हणून नेला होतास, तो परत आलाच नव्हता, म्हणून तडक जीप धरून नारायणगावला गेले. सोपानशेठ सोनार म्हणाले, "ताई, भाऊंनी मोबाईलात चित्र दावलं, मी तसं ठोकलं. जुना आटवायचा व्हता, पर सवड नाय झाली. आन् दसऱ्याआधी समदे देव उजळून मागितल्यात. भोसरीला भाऊंच्या घरी नवा देव्हारा आलाय म्हणं. तुमाला ठावं नाय?"

"ठावं हाय की," मी म्हटलं. खोटंच बोलले. जुना टाक पदरात बांधला आणि निघाले.

म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायचा बेत होता. रत्ना उन्हाळ्यात म्हणाली होती, "ताई, नारायणगावात तुम्हाला एक खोली बघू, बाजार जवळ पडेल." मला तेव्हा वाटलं, वहिनीला माझ्या गुडघ्यांची काळजी.

गोकुळ, मला राग आला, पण त्याहून भीती जास्त वाटली. मी सासरहून एक पिशवी घेऊन परत आले, तेव्हा भावकी म्हणाली, लेकीनं माहेरचे देव पुजायचे नसतात. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दिवा मंगल लावील." त्याच संध्याकाळी मी दिवा लावला. तेव्हापासून कुणी विचारलं, तू इथं कशी, तर मी सांगते, देवांचं करायला. माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. मला न्यायला सासरचं कुणी कधी आलं नाही. देवांना न्यायला मात्र तू गाडी पाठवणार आहेस.

नवा कप्तान या पत्रासोबत परत पाठवते. शोकेसमध्ये ठेव, तिथे शोभेल. पणजोबांना मी काल चिंचेनं घासून जागेवर बसवलं आहे.

दसऱ्याला सगळे या. पुरणाचा घाट घालते, समृद्धीला कटाची आमटी आवडते. पाहुण्यांनाही घेऊन ये, पणजोबा कोण होते ते मी सांगेन. देव न्यायचेच असतील तर तेही ने, घर तुझ्या नावावर आहे. फक्त देव्हाऱ्याला हात लावण्याआधी माझ्यासमोर बसून मला विचार, 'ताई, मग तू कुठं जाशील?' फोनवर नाही, रत्नाकडून नाही, तू स्वतः विचार. आणि मी उत्तर देईपर्यंत उठू नकोस.

तुझी, आणि अजून तरी या घरची,
मंगल