वळणाच्या बाजूची खिडकी

प्रिय धाकटे,

सुट्टी संपवून आपण सगळे गाडीने घरी परतत होतो, ती दुपार तुला आठवते का? तू सहा वर्षांची, मी बाराची. बाबा वरच्या बर्थवर घोरत होते, आई थर्मासच्या झाकणातून चहा पीत होती आणि आपण दोघी खिडकीच्या गजांना नाक लावून बसलो होतो. गाडी लांबलचक वळण घेऊ लागली की पुढे इंजिन दिसायचं. इंजिनातला माणूस मागे वळून बघायचा, हिरवा झेंडा दाखवायचा आणि तू आनंदाने दोन्ही हात हलवायचीस. तो झेंडा आपल्यालाच दाखवतोय असं तुला पक्कं वाटायचं. खरं तर तो शेवटच्या डब्यातल्या गार्डला असायचा. मला ते बाबांनी सांगितलं होतं, पण मी तुझ्याजवळ बोलले नाही. तुझ्यापासून काही लपवून ठेवायची मला तेव्हापासूनच खोड असावी.

सध्या आमच्या घरात एक वाद रंगलाय, तो आधी सांगते. मला पुढच्या महिन्यात एक प्रवास करायचा आहे. मुलाने न विचारताच एसीचं तिकीट काढलं. टू टायर, खालचा बर्थ, स्वच्छ चादर, पडदा. मी म्हटलं, मला स्लीपरने जायचंय. तो म्हणाला, गुडघ्यांना विचारलंस का? सूनबाई म्हणाली, धूळ खाऊन खोकत बसाल. मी म्हटलं, मला खिडकी उघडी हवी, वारा हवा. तर लेकरू म्हणतं, वारा हवा असेल तर पंख्याखाली बस ना आई, फुकट आहे. हसले मी, पण हट्ट सोडला नाही. तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलंय. चुकलेली शिवण उसवून पुन्हा घालायची, ही सवय हाताला आहे. आणि एसीचा डबा ही माझी चुकलेली शिवण आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

शाळेतल्या चॅपेलमध्ये पापांची कबुली द्यायची एक लाकडी खोली होती. आपण तिथे लपायचो आणि सिस्टरांची बोलणी खायचो. आज त्याच खोलीत बसल्यासारखं वाटतंय. लिहून टाकते.

अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली, ताबडतोब निघा म्हणून फोन आला आणि तिकिटं काढायचं मी अंगावर घेतलं. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठला क्लास? तेवढ्या एका क्षणात मी काय काय विचार केला, तुला कल्पना नाही. तुझं झेरॉक्सचं दुकान नुकतंच बंद पडलं होतं. एसी घेतलं असतं तर तू निम्मे पैसे दिल्याशिवाय राहिली नसतीस, आणि मी देते म्हटलं असतं तर महिनाभर अबोला धरला असतास. माझी पाठ तेव्हा अशी धरलेली होती की स्लीपरच्या बाकावर मी रात्र काढूच शकले नसते. तेव्हा मी तुला स्लीपर घेतलं, स्वतःला एसी, आणि तुला सांगितलं की एसी भरलंय, दोघींना स्लीपरच मिळालं, फक्त डबे वेगळे आहेत. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी मनाशी घोकत होते. खरी गोष्ट अशी की तुझ्या तोंडावर ‘मला जास्त सोय हवी आहे’ एवढं म्हणायची मला लाज वाटली.

उतरल्यावर फलाटावर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, काय ताई, झोप छान झालेली दिसतेय, चेहरा कसा टवटवीत आहे. मला कळलं की तुला कळलंय. कसं, ते मी विचारलं नाही. आई त्या दुखण्यातून उठली, पुढे दोन वर्षं छान जगली, आणि आपण तिच्या दोन बाजूंना बसून एकमेकींशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. अजूनही तेच करतो. वाढदिवसाला फोन, तब्येतीची चौकशी, ठेवते आता.

इतकी वर्षं मला वाटत होतं, गारव्याच्या डब्यात मी एकटी बसले याचा तुला राग आहे. गेल्या आठवड्यात मला वेगळंच कळलं. त्या प्रवासात सकाळी तू दोन कप चहा घेऊन मी सांगितलेल्या डब्यात आलीस. माझ्या म्हणून सांगितलेल्या बर्थवर कोणीतरी दाढीवाला गृहस्थ बसला होता. तू सगळे स्लीपरचे डबे पालथे घातलेस, संडासांची दारं वाजवलीस, मी गाडीतून पडले की काय म्हणून रडत तिकीट तपासनिसाला गाठलंस. त्याने यादी बघून तुला एसीच्या काचेच्या दाराशी आणलं. मी पांढऱ्या चादरीत गाढ झोपले होते. तू मला उठवलं नाहीस. माझ्या पायावरून सरकलेली चादर तेवढी सारखी केलीस आणि परत गेलीस. धाकटे, हे ऐकल्यापासून मला ती चादर पायांना जाणवते.

हे मला सांगितलं तुझ्या लेकीने, आणि तिच्यासाठीच हे पत्र. मालगाड्यांवर चार वर्षं काढून तिला आता प्रवासी गाडी मिळाली आहे. तुमच्या गावापासून पुढच्या जंक्शनपर्यंत, आपल्याच त्या जुन्या गाडीच्या इंजिनात ती असते, सहायक चालक म्हणून. मला फोनवर म्हणाली, मावशी, आई अकरा वर्षं रेल्वेत पाऊल ठेवत नाही, बस बरी म्हणते. तिला एकदा माझ्या गाडीत बसव ना. म्हणून मी तिच्या कामाची पाळी विचारून दोन तिकिटं काढली आहेत, स्लीपरची, एकाच डब्यात. एसीच्या बंद काचेला गाल लावून इंजिन दिसत नाही. त्या लांब वळणावर मागे वळून गाडी ठीक येतेय ना हे बघणं आता तुझ्या लेकीचं काम आहे. मी आदल्या दिवशी तुझ्याकडे येते. तू नाही म्हणालीस तर दारात बसून राहीन, गुडघ्यांसकट.

आता वाटण्या नीट वाच. एसीचं तिकीट मुलाने रद्द करावं आणि वर काही बोलू नये. खालचे दोन्ही बर्थ समोरासमोर आहेत, त्यातला इंजिनाकडे तोंड असलेला तुझा, उलट्या दिशेने मी बसेन. वळण पलीकडच्या बाजूला आलं तर तिथल्या मंडळींना उठवायचं काम माझं, मास्तरीण आहे मी. आईची निळी शाल मी न विचारता ठेवून घेतली होती, ती तुला आणते आहे. बाबांचा थर्मास लेकीला. झाकणाला चीर आहे, पण चहा अजून गरम राहतो. आणि एक जांभळा रुमाल शिवलाय, चारही कडा हाताने दुमडून. हिरवा नको, पिवळा नको, लाल तर अजिबात नको, ते सिग्नलचे रंग, आणि हात गजांच्या आतच, असं पोरीने बजावलंय. तो वळणावर तुझ्या हातात. ती कामावर असेल, हात हलवणार नाही. झेंडा या वेळीही गार्डलाच असेल, हे आताच सांगून ठेवते. मागे वळून बघणं मात्र तुझ्यासाठी.

तुझीच,
या वेळी तुझ्याच डब्यातली,
ताई