मीटरला लागलेली बोटं

सांगली, १५ डिसेंबर १९९८, संध्याकाळ

कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांचा थर दिलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीतून वीज वाहते, असं काल सरांना उड्या मारत सांगितलं. प्रयोगशाळेतले शिपाई दादूमामा तेव्हाच म्हणाले होते, "ताई, मीटरच्या टोकांना तुमची बोटं लागल्यात की." मी फाडकन म्हणाले, "मामा, तुम्ही फरशी पुसा."

आज बोटं न लावता मोजलं. मीटर ढिम्म. वीज पट्टीतून नाही, माझ्याच बोटांतून जात होती!

सरांनी विचारलं, चूक कशी सापडली? "मलाच शंका आली, सर." असं कसं बोलून गेले मी? मामा शेजारीच उभे होते. 

सर गेल्यावर मामांनी खांद्यावरचं फडकं पुढं केलं. "बोटं पुसा, ताई. लय घाम आलाय."