खोलीच्या तापमानाला शून्य

२ जून, सकाळी ७.१०
आजपासून शिस्त. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन ३० जूनला संपतंय, आता मुदतवाढ नाही, असं पत्र आलंय. सात वर्षं लोकांना फार वाटतात. मला उरलेले अठ्ठावीस दिवस पुरेत. एकच ग्राफ हवा, ज्यात रेझिस्टन्स धाडकन शून्यावर येतो.
संकल्प: रोज नऊला लॅब. वडापाव बंद.

४ जून
लॅबला साडेअकरा वाजले. वडापाव एकच.
अप्पांनी पुन्हा विचारलं, नक्की करतोस काय. टायटेनियम सेलेनाइडला खारीसारखे पापुद्रे असतात, त्यांच्यामध्ये चिमूटभर कथील घालतो, मग अतिथंडीत वीज विनाअडथळा वाहते, म्हटलं. म्हणजे भेसळच की रे, अप्पा म्हणाले. गिरणी कामगाराला डोपिंग काय कळणार.

९ जून
दादरच्या एका कॉलेजातून फोन. फिजिक्सची पर्मनंट जागा. नेट पास आहे म्हणून पीएच.डी. नसली तरी चालेल. शुक्रवारपर्यंत कळवा.
आईनं लगेच देवापुढे साखर ठेवली. संशोधक आणि मास्तर यांतला फरक मी तिला शांतपणे समजावला. तिनं साखर परत डब्यात ओतली.

१० जून
लिक्विड हेलियमची पाळी माझी. तांदळाच्या दाण्याएवढ्या सॅम्पलवर सिल्व्हर पेस्टनं चार तारा चिकटवल्या. दोनांतून करंट सोडायचा, दोनांवर व्होल्टेज मोजायचं. ज्युनियर मेघना म्हणाली, सर, एकदा मायक्रोस्कोपखाली बघू या का? सात वर्षांच्या हाताला मायक्रोस्कोप लागत नाही, म्हटलं.
४.४० वाजता, उणे दोनशे एकोणसत्तर अंश. शून्य!

११ जून, सकाळी ९.०५ (वेळेवर!)
रात्रीत सॅम्पल गरम होऊन खोलीच्या तापमानाला आलंय. तीस अंश. आकडा अजून शून्य!! जगात हे कुणालाही जमलेलं नाही. गाईड सर नेमके दिल्लीला. मेघना काहीतरी सांगायला आली होती. उद्या सांग, म्हटलं. आज ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही.

१२ जून
कॉलेजला नकार कळवला. वर मेघनाचं नाव सुचवलं. संशोधनात तिचं काही होईलसं वाटत नाही, निदान नोकरी तरी.
अप्पांनी अख्ख्या घोडपदेवात सांगितलं. चाळीखाली फ्लेक्स लागला: 'आमचे लाडके वरद यांना शून्य मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' शुभेच्छुकांचे अठरा फोटो, माझा सगळ्यांत लहान. मंडळाच्या गणपतनं विचारलं, कितीपैकी?

१६ जून
सर आले. ग्राफ बघितला. सॅम्पल मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि मला बघायला लावलं. व्होल्टेजच्या दोन तारांमध्ये पेस्टचा थेंब ओघळलाय. तारा एकमेकींना चिकटल्यात. सॅम्पलच्या जागी चिक्की ठेवली असतीस तरी शून्यच आलं असतं, सर म्हणाले.
मेघनाला त्याच दिवशी दिसलं होतं. मग बोलली का नाहीस? तुम्ही बोलू कुठे दिलंत, म्हणाली.
हरकत नाही. चौदा दिवस आहेत.

१७ जून
तारा मेघनानं लावल्या. उणे दोनशे एकाहत्तरपर्यंत उतरलो. रेझिस्टन्स आहे. कथिलानं उलट वाढलाय. कथीलच खराब असणार.
सहज म्हणून कॉलेजला फोन केला. जागा भरली.

२४ जून
लॅबला गेलो नाही. विचार करतोय.

३० जून
संध्याकाळी मेघना पेढे घेऊन आली. उद्यापासून कॉलेज. माझ्या नोट्स मागितल्या. दिल्या. मी दोन पेढे खाल्ले. आईनं एकही नाही.
ती गेल्यावर अप्पांनी विचारलं, आता काय करणार. माहीत नाही, म्हटलं. म्हणताना रडू आलं. चौतिसाव्या वर्षी.
अप्पांनी पेढ्यांचा बॉक्स बंद केला. मग म्हणाले, संप फिसकटला तरी मी रोज गिरणीच्या गेटवर जायचो रे. आज उघडंल, उद्या उघडंल.
मग? मी विचारलं.
मग काय, तुझ्या आयेनं डबे करायला घेतले.
आई आतून म्हणाली, आता माझ्याच्यानं व्हायचं नाय.