खिशातली पाचर

मंगळवार, ता. ९

चि. छकुलीस,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीची कंबर धरली होती, आता सुटली. धाकटीला चष्मा लागला. तेव्हापासून ती घरभर सगळ्यांना शिकवत फिरते, अगदी तुझ्यावर गेली आहे.

पाहुण्यांचे टाके काढले का? डाव्या हाताने जेवायला जमतं का? तुला वाटत असेल, दोन गल्ल्या सोडून राहतो, मग बहिणीच्या नवऱ्याला बघायला का येत नाही. आलो होतो रविवारी, तुमच्या जिन्यापर्यंत. वरून पाहुण्यांचं हसणं ऐकू आलं आणि तसाच माघारी फिरलो.

कारखान्यात सगळं पूर्वीसारखंच. पाहुण्यांच्या जागी नवा माणूस दिलाय, तोही ठेकेदाराचाच. माझ्या पायाच्या अंगठ्यावर साचा पडला होता, आठवतं? साहेब स्वतः घरी आले, तीन महिने भरपगारी रजा दिली, वर भरपाई. मी परमनंट ना! पाहुण्यांची चार बोटं गेली, तर दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने हजेरीतून नावच उडवलं. आणि त्या ठेकेदाराकडे त्यांना चिकटवून दिलं होतं मीच.

किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार? ऐक. आमच्या पत्रा दाबायच्या मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण त्याने काम रेंगाळतं. म्हणून आम्ही जुनी माणसं एका बटणात लाकडाची पाचर ठोकतो. एका हाताने दाबायचं, दुसऱ्याने पत्रा सरकवायचा. दुसऱ्याला मशीन देताना पाचर काढायची, हा आमचा आपसातला नियम.

त्या दिवशी चहाला जाताना म्हणालो, "पाहुणे, माझ्या मशीनवर बसा जरा, दहा मिनिटांत आलोच." पाचर काढायला विसरलो. पत्रा अडकला म्हणून त्यांनी उजवा हात आत घातला आणि डावं कोपर दुसऱ्या बटणाला लागलं.

किंकाळी ऐकून धावलो. छकुले, मी आधी पाचर उपटून खिशात घातली. मग त्यांना धरलं.

संध्याकाळी साहेबांनी कागद पुढे केला. बटणं ठीक होती, कामगाराने न विचारता मशीन चालवलं, असं त्यात होतं. "तुम्ही परमनंट आहात, पोरींचा विचार करा," म्हणाले. मी सही केली. त्याच कागदावर तुमचा भरपाईचा दावा अडकलाय. आणि पाहुणे म्हणे सगळ्यांना सांगतात, "माझंच काहीतरी चुकलं असेल, दादा कशाला खोटं लिहितील?" वहिनीने हे सांगितलं तेव्हा मी ताटावरून उठलो. मला माझीच लाज वाटते.

शुक्रवारी सुनावणीला येऊन खरं सांगायचं ठरवलंय. नोकरी जाईल. वहिनीला काल सांगितलं, तेव्हापासून ती घरखर्चाची वही काढून बसली आहे. पण साहेब समोर बसले की माझी जीभ कशी टाळूला चिकटते, ते मला ठाऊक आहे. म्हणून पाचर या पत्रासोबत पाठवतोय. तिच्या टोकावर बटणाच्या कडेचा ठसा उमटलाय, बसवून बघितली तर कुणालाही कळेल. मी कचरलो तर माझ्याकडे बघू नकोस. पत्र आणि पाचर दोन्ही वकिलांच्या हातात दे.

खाली माझी पूर्ण सही केली आहे, ती त्यांना ताडून बघायला सांग. साहेबांच्या त्या कागदावरही हीच आहे.

तुझा दादा
(सही)