बाकावरचा व्यायाम

४ सप्टेंबर, पहाटे
टक्‌-टक्‌, टक्‌-टक्‌. जाग आली ती या आवाजानं. साठ वर्षांपूर्वीचा आवाज. गुरुजी लाकडी रूळ टेबलावर आपटून ठेका धरायचे आणि अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा. छाती कशी भरून यायची. उठून पाहिलं तर बाथरूमचा नळ गळत होता.
आज नातीला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचंय. चिरंजीव आणि सूनबाई ऑफिसात, म्हणून मी. वजन जरा जास्त, एवढंच. आमच्या घराण्याचा बांधाच भारदस्त.

४ सप्टेंबर, संध्याकाळ
बांधा नव्हे. इन्शुलिन रेझिस्टन्स. डॉक्टरीणबाईंनी छान समजावलं. इन्शुलिन साखरेला घेऊन पेशीच्या दाराशी येतं, दार ठोठावतं, आतून कडी निघत नाही. मग शरीर आणखी इन्शुलिन पाठवतं. तेही दाराबाहेर ताटकळतं. मला कवितेतल्या विरहिणी आठवल्या, डोळे पाणावले. त्यांना वाटलं मी घाबरलो. म्हणाल्या, घाबरू नका, स्नायू हलायला लागले की ते आपणहून दार उघडतात. वजन लगेच उतरलं नाही तरी चालेल, पण रोज दम लागेपर्यंत चालली पाहिजे.
मग तिचे मानेवरचे केस बाजूला केले. काळपट पट्टा. हा मळ नाही, म्हणाल्या, याच दुखण्याची खूण आहे.
वर्षभर मी तिला बजावतोय, मान नीट घासून धू. ती घासायची. लाल होईपर्यंत.
तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. फरक नसेल तर गोळ्या. वय वर्षं चौदा.

५ सप्टेंबर
घरात मीटिंग. मी जाहीर केलं, संध्याकाळचं चालणं माझ्याकडे. चिरंजीव म्हणाला, "अप्पा, तिला चालवायचंय. ऐकवायचं नाहीये." खोचकपणा आईकडून आला असावा.
नातीच्या मनगटाला एक बँड आणलाय. पुरेसं चालणं झालं की हिरवा होतो आणि बातमी थेट चिरंजीवांच्या मोबाइलवर.
संकल्प: बागेला रोज दोन फेऱ्या. कविता फक्त चालताना. आणि 'गुब्बी' म्हणणं बंद. तिनंच सांगितलं, आजोबा, निदान बाहेर तरी नको.

६ सप्टेंबर
पहिल्याच फेरीत गुब्बीला (उद्यापासून बंद) धाप लागली. मलाही, पण मी दाखवली नाही. बुटाची नाडी बांधायला म्हणून बाकावर टेकलो. माझ्या बुटांना नाड्या नाहीत हे तिच्या लक्षात आलं. बसलोच आहोत तर एक शार्दूलविक्रीडित म्हटलं. चक्क शेवटपर्यंत ऐकलंन. आमच्या घरात दुसऱ्या ओळीपलीकडे कुणी थांबल्याला वर्षं लोटली.

१२ सप्टेंबर
मोठा शोध. बँडनं तिचं मनगट खाजत होतं, म्हणून मी माझ्या हातावर चढवला. बाकाच्या हातावर ठेका धरून आर्या म्हणत होतो. कविता संपायच्या आत बँड थरथरला आणि हिरवा झाला!
गुब्बी हसून हसून बाकावर आडवी. कित्येक महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसण्यानंही चयापचय सुधारत असणार. शिवाय यंत्र कशाला खोटं बोलेल? गुरुजी जन्मभर ठेका धरत राहिले आणि शेवटपर्यंत काडीसारखे सडपातळ. आणखी काय पुरावा पाहिजे?

१९ सप्टेंबर
चिरंजीवांनी मोबाइल दाखवून माझी पाठ थोपटली. करतो आपलं थोडंफार, म्हटलं. जेवण गेलं नाही. बेकरीमुळे असेल. बाकाच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे बेकरी आहे. बेकरीवाला भला माणूस, आम्ही उठलेलो दिसलो की क्रीम रोल बांधायलाच घेतो. एक मला, दोन तिला. तिचं वाढतं वय.
उद्यापासून बंद.

८ ऑक्टोबर
बंदच करणार होतो, पण सर आली. आडोशाला म्हणून बेकरीत शिरलो. आडोसा घेऊन काहीच न घेणं बरं दिसत नाही.
नोंद: मंदाक्रांता फार संथ, हिरवं व्हायला वेळ लागतो. भुजंगप्रयात त्या मानानं झटपट. यापुढे तेच.

२६ ऑक्टोबर
नात म्हणाली, आजोबा, आज खरंच चालूया का? शाळेचा जिना चढताना मैत्रिणी पुढे जातात आणि वर थांबून तिची वाट बघतात. ते वाट बघणं तिला नको वाटतं.
म्हटलं, चालू की, एवढी कविता होऊ दे. कडवी बरीच होती. अंधार पडला. मला चुटपुट लागली, पण कविता अर्ध्यावर टाकणं हा कवीचा अपमान.

१७ नोव्हेंबर
उद्यापासून तीन फेऱ्या. मागची थकबाकी भरून काढू.

१८ नोव्हेंबर
गुडघा.

८ डिसेंबर
रिपोर्ट आला. इन्शुलिन आणखी वर.
डॉक्टरीणबाई गोंधळल्या. चिरंजीवांनी मोबाइल पुढे केला, एकूण एक दिवस हिरवा. एवढं चालूनही असं, म्हणजे आणखी तपासण्या कराव्या लागतील, म्हणाल्या. गोळ्या तर आजपासूनच.
मी घसा खाकरला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी मागितलं.
तेवढ्यात नात म्हणाली, "मी शाळेत चोरून खाते."
पोरीनं जन्मात चोरून खाल्लेलं नाही. गाडीत सूनबाई तिला घालूनपाडून बोलली, मग स्वतःच रडली. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

९ डिसेंबर
आज सांगणार होतो. सकाळी चिरंजीव घाईत. संध्याकाळी दमून आलेला. दमलेल्या माणसाला असलं काही सांगणं म्हणजे क्रूरपणा.

११ डिसेंबर
नातीला एकटीला गाठून विचारलं, का गं बोललीस असं?
"तुमची संध्याकाळ बंद केली असती त्यांनी," म्हणाली आणि गृहपाठाला बसली.
म्हणजे मी तिला चालायला नेत नव्हतोच. तीच मला बसवायला नेत होती.

१२ डिसेंबर
मागच्या फाटकानं बागेत शिरलो, बेकरी टाळून. बँड तिच्याच हातावर. बाक आला, गेला. चालता चालता कविता म्हणू लागलो, तर दुसऱ्या ओळीला माझाच दम संपला. ती पुढे गेली आणि वळून थांबली. मी हातानं खूण केली, जा तू, थांबू नकोस. गेली. गाल लालबुंद, केस वर बांधलेले.
बँड काही हिरवा झाला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. चिरंजीवांनी तिला झापलं, आज आळस केलास ना? मी वर्तमानपत्र वाचत होतो. कालचं होतं.

१६ डिसेंबर, संध्याकाळ
परवा तिच्या त्या जादा तपासण्या. दिवसभर सुया टोचणार, तेही माझ्यापायी. तेव्हा आज जेवणं झाली की सगळं सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं. नुसतं सांगून परिणाम होत नाही, म्हणून कबुली आर्येत बांधतोय. दोन चरण झकास उतरलेत, तिसरा अडलाय. तो सुटला की लगेच उठतो.
बेल वाजली. या वेळी कोण? चिरंजीव दार उघडतोय.
आवाज ओळखीचा आहे, पण या घरात कधी न ऐकलेला. विचारतोय, आजोबा बरे आहेत ना? चार-पाच दिवस झाले, बाकावर दिसले नाहीत. रोज दुकानातून दिसायचे, दोघं शेजारी शेजारी, अंधार पडेपर्यंत बसलेले. काळजी वाटली, म्हणून विचारत विचारत घर काढलं.
कागदी पिशवी वाजली.
"हे नेहमीचं. एक आजोबांचा, दोन बेबीचे."

तिसरा चरण आता लागणार नाही.